आशेचा हिशेब : नव्या हंगामाआधी आपला हॉकी संघ



'हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी प्राथमिक शाळेत पाठ केले आहे. खरे पाहता सरकारने कोणत्याही खेळाला अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेले नाही. २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला क्रीडा मंत्रालयाने तसेच उत्तर दिले होते. म्हणजे हॉकीला हे पद कोणी कागदावर दिले नाही. लोकांनी मनाने दिले आहे. म्हणूनच हॉकीप्रेमी माणूस दर हंगामाआधी नव्याने आशा धरतो आणि हंगाम संपल्यावर बहुतेक वेळा डोके धरून बसतो.

या लेखात मी आशेचाच अभ्यास करायचे ठरवले आहे. 'आपणच जिंकणार' असे ओरडणे सोपे आहे, आणि 'यांच्याकडून काही होणार नाही' असे म्हणणे त्याहून सोपे. दोन्हीत अभ्यास लागत नाही. आपण कॅडेट आहोत. नकाशा वाचल्याशिवाय मोर्चा निघत नाही हे आपल्याला शिकवले आहे. तेव्हा आधी आपला संघ कुठे उभा आहे ते पाहू आणि मग कुठवर जाण्याची आशा धरायची ते ठरवू.

समोर काय आहे?

२०२६ हे वर्ष हॉकीसाठी मोठे आहे. ऑगस्टमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स या दोन देशांत मिळून विश्वचषक होणार आहे. त्यात १६ संघ खेळतील. तो संपल्यावर काही आठवड्यांतच जपानमध्ये आशियाई खेळ आहेत. तिथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे थेट तिकीट मिळते. म्हणजे एका उन्हाळ्यानंतर दोन परीक्षा, आणि दुसरीचा अभ्यास करायला सुट्टी नाही.

पुरुष संघाने विश्वचषकातली आपली जागा सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारमधील राजगीर येथे आशिया चषक जिंकून पक्की केली. महिला संघ त्याच महिन्यात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनकडून १-४ ने हरला, म्हणून त्यांना पात्रता फेरीतून जावे लागणार आहे. या लेखात मी मुख्यतः पुरुष संघाचा हिशेब मांडतो.

आजवरचा हिशेब

ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत ८ सुवर्णपदके मिळवली आहेत. विश्वचषकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९७१ च्या पहिल्या विश्वचषकात आपल्याला कांस्य मिळाले, १९७३ मध्ये रौप्य आणि १९७५ मध्ये क्वालालंपूरला सुवर्ण. पायरी पायरीने वर चढलेला संघ. उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाविरुद्ध आपण मागे होतो. अस्लम शेर खानने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली आणि पुढे आपण ३-२ ने जिंकलो. अंतिम सामन्यात अजितपाल सिंगच्या संघाने पाकिस्तानला २-१ ने हरवले. विजयी गोल अशोक कुमारचा. तो मेजर ध्यानचंद यांचा मुलगा.

त्यानंतर पन्नास वर्षांत विश्वचषकात आपल्याला एकही पदक मिळालेले नाही.

माझे आजोबा १९७२ साली नागपूर जिल्ह्यातून भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला आले. १९७५ चा अंतिम सामना त्यांनी रेडिओवर ऐकला. आता आम्ही बोरसीला राहतो, आजोबांचे वय झाले आहे, आणि त्यांचे एकच म्हणणे असते, "एकदा कानांनी ऐकला, आता एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे." सुट्टीत घरी गेलो की ते मला संघाची बातमी विचारतात. मी त्यांना खोटी आशा देऊ इच्छित नाही, आणि त्यांची आशा मोडूही इच्छित नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

पहिला धडा : गोल मोजून ठेवावे लागतात

मागचा विश्वचषक जानेवारी २०२३ मध्ये आपल्याच देशात, ओडिशात झाला. आपण स्पेनला २-० ने हरवले, इंग्लंडशी ०-० अशी बरोबरी केली आणि वेल्सला ४-२ ने हरवले. एकही सामना हरलो नाही. तरी गटात पहिले आलो नाही. का?

आकडे पाहा. भारत आणि इंग्लंड या दोघांचे दोन विजय आणि एक बरोबरी, म्हणजे गुण सारखेच, ७. मग गोलफरक पाहतात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा. इंग्लंडने वेल्सला ५-० आणि स्पेनला ४-० ने हरवले होते, त्यांचा फरक ९. आपला स्पेनकडून २ आणि वेल्सकडून २, एकूण ४. शेवटच्या सामन्याला उतरताना आपल्याला पहिले येण्यासाठी वेल्सवर आठ गोलांनी विजय हवा होता. तो काही झाला नाही.

गटात पहिला येणारा संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत जात होता. दुसऱ्याला मध्ये एक जादा सामना खेळावा लागत होता. तो न्यूझीलंडशी झाला. आपण ३-१ ने पुढे होतो, त्यांनी ३-३ केले आणि शूटआऊटमध्ये आपण ४-५ ने हरलो. संघ नवव्या क्रमांकावर अर्जेंटिनासोबत राहिला.

लोक म्हणतात, न्यूझीलंडने हरवले. मला वाटते, पराभवाची सुरुवात आधीच झाली होती. स्पेनविरुद्ध तिसरा गोल झाला नाही तेव्हा आणि वेल्सकडून दोन गोल खाल्ले तेव्हा. जिंकलेल्या सामन्यातही काही तरी हातचे जात असते. परीक्षेत पास झालो म्हणून सुटलेल्या गुणांकडे न पाहणारा विद्यार्थी आणि तो संघ, दोघांची गत एकच.

दुसरा धडा : एका खांद्यावर किती भार?

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. आपल्याला कांस्यपदक मिळाले, टोकियोनंतर सलग दुसरे. त्या स्पर्धेत आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवले. ऑलिंपिकमध्ये त्यांच्यावर विजय मिळवायला ५२ वर्षे लागली. उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना दहा खेळाडूंनी ग्रेट ब्रिटनला थोपवले. १-१ अशी बरोबरी, आणि मग शूटआऊटमध्ये ४-२ ने विजय. शिस्त आणि धीर कशाला म्हणतात ते पाहायचे असेल तर हा सामना प्रत्येक कॅडेटने पाहावा.

आता मी वहीत मांडलेला हिशेब देतो. आठ सामन्यांत भारताने एकूण १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे. उरलेले पाच चौघांचे : अभिषेकचे दोन, मनदीप, विवेक सागर आणि सुखजीतचा प्रत्येकी एक. हरमनप्रीतच्या दहापैकी सात पेनल्टी कॉर्नरवर आणि तीन पेनल्टी स्ट्रोकवर आले.

यात अभिमान आहे आणि काळजीही आहे. तीनपैकी दोन गोल एकच माणूस करतो, तोही बचावपटू. त्याचे बोट दुखावले, किंवा समोरच्या संघाने त्याची ड्रॅग-फ्लिक अभ्यासली, तर काय? सैन्यात एक शिकवण आहे : ज्या पलटणीत एकालाच रस्ता माहीत असतो, ती पलटण वाट चुकण्यापासून एका गोळीच्या अंतरावर असते.

पेनल्टी कॉर्नर समजून घेऊ

आपल्यातील अनेकांना पेनल्टी कॉर्नर दिसतो, पण कळत नाही. म्हणून थोडक्यात सांगतो.

गोलसमोर जो अर्धवर्तुळासारखा भाग असतो त्याला आपण 'डी' म्हणतो. तिची कड गोलपासून १४.६३ मीटरवर असते. बचाव करणाऱ्याने डीमध्ये चूक केली की पेनल्टी कॉर्नर मिळतो. बचावासाठी गोलरक्षक धरून फक्त पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. हल्ला करणारा एक खेळाडू शेवटच्या रेषेवरून, गोलखांबापासून किमान १० मीटरवरून, चेंडू बाहेर ढकलतो. चेंडू डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोलवर फटका मारता येत नाही. तो बाहेर अडवतात, आत ओढतात आणि मग फटका.

पहिला फटका जोरात 'हिट' असेल तर चेंडू ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या मागच्या फळीच्या उंचीपेक्षा वर जाता कामा नये. ड्रॅग-फ्लिकला ही अट नाही. चेंडू काठीवर ओढत आणून फेकला तर तो वरच्या कोपऱ्यातही मारता येतो. म्हणूनच ड्रॅग-फ्लिक मारणाऱ्याला इतकी किंमत.

गंमत अशी की टीव्हीवर दिसतो तो फ्लिक मारणारा. पण ढकलणाऱ्याचा चेंडू थोडा उसळला किंवा अडवणाऱ्याच्या काठीवरून हातभर सरकला, की जगातला सर्वांत चांगला फ्लिकरही काही करू शकत नाही. समोरून पहिला धावणारा बचावपटू तेवढ्यात अंगावर येतो. तिघांचे काम सेकंदभरात जुळले तर गोल. आमच्या मैदानावर संध्याकाळी सराव करताना सगळ्यांना फ्लिक मारायची असते, चेंडू अडवायला कोणी तयार नसतो. संघ उभा राहतो तो मात्र अडवणाऱ्यामुळे.

तिसरा धडा : सात पराभव आणि एक चषक

जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपातील सामन्यांत आपला संघ सलग सात सामने हरला. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३, बेल्जियमकडून ३-६. आठव्या सामन्यात बेल्जियमला ४-३ ने हरवले, पण नऊ संघांत आपण आठवे आलो. वसतिगृहात त्या दिवसांत हॉकीचे नाव काढले की मुले हसत. "तुझा संघ हरला का रे?" हा रोजचा प्रश्न झाला होता.

पण आकडे पुन्हा वाचा. सातपैकी सहा पराभव एका गोलाचे आहेत. जगातल्या सर्वांत मोठ्या संघांशी, त्यांच्याकडच्या हवेत. जो संघ सहा वेळा एका गोलाने हरतो, तो दुबळा नसतो. त्याला शेवट करता येत नसतो. दुबळेपणा आणि शेवट न करता येणे हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. पहिल्याला वर्षे लागतात. दुसऱ्याला शेवटच्या पंधरा मिनिटांची तयारी लागते.

हा आजार जुनाही आहे. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, पोलंडविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो आणि अगदी शेवटी गोल खाऊन १-१ झाले. उपांत्य फेरी तिथेच हुकली. त्या संघात पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले होते. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा महाराष्ट्राचा खेळाडू. त्यांच्या नशिबी ऑलिंपिक पदक आले नाही. दोन मिनिटांची किंमत किती असते, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार?

आता सप्टेंबर २०२५ पाहा. जूननंतर तीनच महिन्यांनी तोच कर्णधार आणि तेच प्रशिक्षक क्रेग फुल्टन राजगीरला उतरले. चीनशी ४-३, जपानशी ३-२, म्हणजे सुरुवात अडखळत. कोरियाशी २-२. मग मलेशियाला ४-१, चीनला ७-० आणि अंतिम सामन्यात कोरियाला ४-१. त्या अंतिम सामन्यातले चार गोल सुखजीतचा एक, दिलप्रीतचे दोन आणि अमित रोहिदासचा एक असे होते. कर्णधाराचा एकही नाही. मला चषकापेक्षा या ओळीचा आनंद जास्त झाला. भार वाटला जाऊ लागला आहे.

हे खरे की आशिया म्हणजे युरोप नाही. नोव्हेंबरमध्ये सुलतान अझलन शाह चषकाच्या अंतिम सामन्यात बेल्जियमने आपल्याला १-० ने हरवले. पुन्हा तोच एक गोल.

आपल्या मातीचा वाटा

काही जणांना वाटते की हॉकी म्हणजे पंजाब आणि ओडिशा. आपला भागही मागे नाही. लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ साली बिलासपूरचा. त्यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ ची तीन सुवर्ण आणि १९६० चे एक रौप्य अशी चार ऑलिंपिक पदके मिळवली. बोरसीहून तासाभराच्या अंतरावरच्या राजनांदगावला लोक 'हॉकीची नर्सरी' म्हणतात. महंत राजा सर्वेश्वरदास स्मृती अखिल भारतीय स्पर्धा तिथेच होते. राजनांदगावची रेणुका यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. भारताचा महिला संघ तेव्हा ३६ वर्षांनी ऑलिंपिकला गेला होता.

आणि दुर्गच्या सबा अंजुम. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिलांनी इंग्लंडला ३-२ ने हरवून सुवर्ण जिंकले. त्या संघात त्या होत्या आणि तेव्हा त्यांचे वय १७ होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या! पुढे त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. दुर्ग आणि बोरसी ही काही दोन जगे नाहीत. एकाच ऑटोने जाता येते.

२०१५ मध्येच रायपूरला वर्ल्ड लीगची अंतिम स्पर्धा झाली. गटात भारत एकही सामना जिंकला नाही. तरी उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनला हरवले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात नेदरलँड्सशी ५-५ अशी बरोबरी झाल्यावर शूटआऊट ३-२ ने जिंकले. शूटआऊटमध्ये खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून निघतो आणि ८ सेकंदांत गोल करायचा असतो. त्या दिवशी गोलात पी. आर. श्रीजेश उभा होता. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. पण बाबा सांगतात की निकाल लागल्यावर आमच्या गल्लीत दिवाळीचे उरलेले फटाके वाजले.

मग आशा कशाची धरायची?

वरच्या हिशेबावरून मी तीन आशा लिहून ठेवल्या आहेत. तिन्ही मोजता येतील अशा आहेत. हंगाम संपल्यावर कोणीही तपासून पाहावे.

पहिली : गोलांचा भार वाटला जावा. विश्वचषकात कर्णधाराचे गोल संघाच्या एकूण गोलांच्या निम्म्याहून कमी असावेत. ते कमी व्हावेत म्हणून नव्हे, इतरांचे वाढावेत म्हणून. जुगराज सिंगसारखा दुसरा फ्लिकर संघात आहे, आणि तो नौदलाचा आहे, ही आपल्यासाठी विशेष आनंदाची गोष्ट.

दुसरी : चौथे सत्र. १५ मिनिटांची चार सत्रे असतात. आपण चौथ्या सत्रात जितके गोल खाऊ, त्याहून एक तरी जास्त करावा. एका गोलाचे पराभव तिथेच संपतील.

तिसरी : गोलरक्षक. पॅरिसनंतर श्रीजेश निवृत्त झाला आणि हॉकी इंडियाने त्याचा १६ क्रमांकही निवृत्त केला. आता कृष्णबहादूर पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा यांच्यावर जबाबदारी आहे. इतक्या मोठ्या माणसाच्या जागी उभे राहणे कठीण. प्रत्येक गोल खाल्ल्यावर 'श्रीजेश असता तर' असे आपण म्हणायचे नाही, ही आशा संघापेक्षा आपल्याकडून आहे.

ही तीन कामे झाली तर उपांत्य फेरी हे स्वप्न राहत नाही, हिशेब होतो. त्यापुढे दोन सामने उरतात, आणि दोन सामन्यांत काहीही होऊ शकते. म्हणून आजोबांना मी पत्रात एवढेच लिहिले आहे : "उपांत्य फेरीची आशा वहीतून धरा, सुवर्णाची मनातून धरा. ऑगस्टमध्ये टीव्हीसमोरची पहिली खुर्ची तुमची."

आपल्यासाठी अभ्यास

मित्रांनो, येत्या हंगामात पुढील गोष्टी करून पाहा.

१. कोणत्याही एका सामन्यात भारताला किती पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि त्यांतून किती गोल झाले ते वहीत लिहा. न झालेल्या प्रत्येकाचे कारण शोधा : ढकलणे, अडवणे की फटका?

२. चारही सत्रांतले गोल वेगवेगळे मांडा. आपला संघ कोणत्या सत्रात थकतो?

३. आपल्या हाऊसच्या संघासाठीही हाच तक्ता करा. मग आपसात बोला, पण कोणावर खापर न फोडता.

४. सरावात आठवड्यातून एक दिवस चेंडू अडवण्याचे काम स्वतःहून मागून घ्या.

मेजर ध्यानचंद १९२२ साली साध्या शिपायाच्या हुद्द्यावर सैन्यात भरती झाले आणि १९५६ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आली. त्यांचा जन्मदिवस २९ ऑगस्ट हा आपला राष्ट्रीय क्रीडा दिन आहे, आणि यंदा विश्वचषकही ऑगस्टमध्येच आहे. त्या दिवशी आपण परेड मैदानावर शपथ घेतो. या वेळी शपथेआधी संघाचा तक्ता वाचू, आणि परेडनंतर काठी घेऊन मैदानात उतरू.

जय हिंद!